चाकणचं एक लिटर टीएसआय: रनिंग-इन, ऑइल आणि देखभालीच्या अंगानं परीक्षण

स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.० टीएसआय (एक लिटरच्या टर्बो पेट्रोल) इंजिनाबद्दल लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक पिकअपबद्दल. शून्य ते शंभर किती सेकंदांत, ओव्हरटेकला दम किती, वगैरे. या परीक्षणात ते काही नाही. गाडी हार घालून घरी आल्यानंतर हे इंजिन मालकाकडून काय मागतं आणि ते न मिळाल्यास कुठे, कसं बिघडतं, एवढंच पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. रनिंग-इन, म्हणजे नव्या इंजिनाचे भाग सुरुवातीच्या किलोमीटरांत नीट बसवून घेणं, सोपं आहे, लोक उगाच बाऊ करतात. आठवड्यातून दोनदा तरी हायवे लागणाऱ्या माणसासाठी हे इंजिन उत्तम. रोज दोन किलोमीटरवरची शाळा, मग भाजी, मग परत घर, एवढ्यावरच ज्यांची गाडी चालते त्यांनी साधं टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन घ्यावं, पैसेही वाचतील. आणि या गाड्यांच्या देखभालीतली सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे कंपनीनं दिलेला १५,००० किलोमीटर किंवा एक वर्षाचा ऑइल बदलाचा टप्पा. तो पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकला लागू पडत नाही.

कायलॅक, कुशाक, स्लाव्हिया, टायगुन आणि व्हर्टस या चाकणला बनणाऱ्या पाचही गाड्यांत हेच इंजिन मिळतं. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११५ पीएस, आणि १,७५० आरपीएमपासून १७८ एनएम टॉर्क. भारतात ते २०२० साली बीएस-६ पोलो, व्हेंटो आणि रॅपिडमध्ये ११० पीएसच्या रूपात आलं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यात बिडाचे लायनर. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारा भाग) वेगळा लावलेला नाही, तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि त्याभोवती कूलंट फिरतं. त्यामुळे इंजिन लवकर तापतं आणि टर्बोकडे जाणारा धूर थोडा थंड होऊन जातो. टर्बोनं दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलरही बंपरमागे नसून इनटेक मॅनिफोल्डमध्ये आहे, पाण्यानं थंड होणारा. कॅमशाफ्ट फिरवायला चेन नाही, दातेरी बेल्ट आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. यातली प्रत्येक गोष्ट पुढे देखभालीत डोकं वर काढते.

पहिले पंधराशे किलोमीटर

पुस्तिका सांगते ते थोडक्यात असं: पहिल्या १,००० किलोमीटरपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा नाही आणि कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशाच्या वर जायचं नाही. पुढच्या ५०० किलोमीटरमध्ये हळूहळू पूर्ण ताकदीपर्यंत यायचं. या इंजिनासाठी दोन तृतीयांश म्हणजे चार हजारांच्या आसपास. एवढं सगळे पाळतात. चूक होते ती उलट्या बाजूला, म्हणजे अती जपण्यात.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंग करून तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल टिकतं आणि त्यांच्या कडांवर घासून पिस्टन रिंगा भिंतीला नेमक्या बसतात. रिंगेला स्वतःचा ताण असतो, पण तिला भिंतीवर खरी दाबते ती ज्वलनाच्या वायूची ताकद. हा दाब रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. पहिले हजार किलोमीटर गाडी दीड हजार आरपीएमवर, पाय जेमतेम टेकवून चालवली तर हा दाब तयारच होत नाही. रिंगा नीट बसायच्या आधी भिंतीवर जळक्या ऑइलचा काचेसारखा गुळगुळीत थर चढतो, रेघा भरून निघतात आणि मग इंजिन आयुष्यभर थोडंथोडं ऑइल पीत राहतं. दुसऱ्या टोकाला, नव्या इंजिनावर पहिल्याच दिवशी पूर्ण बूस्ट (टर्बोचा दाब) दिला तर घर्षणाच्या जागा स्थानिक पातळीवर फार तापतात आणि रिंगेवर व भिंतीवर ओरखडे पडतात. आजकालच्या होनिंगची टोकं कारखान्यातच सपाट केलेली असतात, म्हणून दोन्ही धोके पूर्वीइतके मोठे नाहीत. पण गेलेले नाहीत.

करायचं काय, तर इंजिनाला मध्यम भार द्यायचा आणि तो सतत बदलत ठेवायचा. इंजिन पूर्ण तापल्यावर, रस्ता मोकळा असताना तिसऱ्या गिअरमध्ये २,००० वरून अर्ध्याच्या थोड्या पुढे पाय दाबून ३,५०० पर्यंत न्या. मग पाय पूर्ण काढा आणि गिअर न बदलता गाडी आपोआप २,००० पर्यंत उतरू द्या. एका फेरीत असं पाच-सहा वेळा. पाय काढल्यावर इंजेक्टर बंद होतात, सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो, त्यानं रिंगांपाशी थोडं ऑइल ओढलं जातं आणि घासून निघालेला धातूचा बारीक चुरा त्याबरोबर वाहून जातो. ऑटोमॅटिकवाल्यांनी हेच लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन करावं. डी मध्ये सोडलं तर तो गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायच्या नादात लगेच वरचा गिअर टाकतो आणि इंजिनाला काम मिळतच नाही.

या काळात क्रूझ कंट्रोल बंद. समृद्धी महामार्गावर नागपूरपर्यंत एका सुरात ११० ला चालवणं म्हणजे इंजिन तासन् तास एकाच आरपीएमवर, एकाच हलक्या भारावर अडकवणं. आरामाचं आहे, रनिंग-इनसाठी निरुपयोगी. त्यापेक्षा चढउतार असलेला साधा दुपदरी रस्ता बरा: नाशिकहून त्र्यंबक, कोल्हापूरहून पन्हाळा, पुण्याहून सासवड-जेजुरी. नवी गाडी तशीही देवाला जायचीच असते. फक्त पाच माणसं आणि वर सामान घालून लगेच मोठा घाट असेल तर एक गिअर खालचा ठेवा. घाटात तिसऱ्यात ३,००० वर चढलेलं इंजिन पाचव्यात १,५०० वर ओढत नेलेल्या इंजिनापेक्षा सुखात असतं. याचं कारण पुढे येईल.

ब्रेक पॅड पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये आणि टायर पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये पूर्ण पकड देत नाहीत. तोवर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. एक्झॉस्टवरच्या संरक्षक लेपाचा जळका वास सुरुवातीला आठ-दहा दिवस येतो, तो आपोआप जातो.

तापवणं आणि थंड करणं

सकाळी सुरू केल्यावर आरपीएम वर चढतो आणि अर्धा-एक मिनिट तसाच राहतो. हे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवण्यासाठी आहे, बिघाड नाही. वीस-तीस सेकंद थांबा, आरपीएम उतरायला लागला की निघा. गेटपाशी पाच मिनिटं इंजिन ‘गरम करत’ उभं राहणं हा कार्ब्युरेटरच्या जमान्यातला संस्कार आहे. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल फवारलं जातं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये (तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात) जातं. चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं.

मात्र तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. तो कूलंटचा आहे, आणि मॅनिफोल्ड हेडमध्ये असल्यामुळे कूलंट फार लवकर तापतं. ऑइल त्याच्या दुप्पट वेळ घेतं. काटा मध्यावर आला तरी त्यानंतरचे चार-पाच किलोमीटर ३,००० च्या आत आणि अर्ध्या ॲक्सिलरेटरवर काढा. ही सवय रनिंग-इनपुरती नाही, गाडी असेपर्यंत पाळायची.

थंड करण्याबाबत दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, टर्बो आहे तर प्रत्येक वेळी तीन मिनिटं आयडल करा. दुसरं म्हणतं, आता इलेक्ट्रिक पंप असतात, लगेच बंद करा. टर्बोची दांडी मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. टर्बाइनकडचा धूर पूर्ण भारावर नऊशे अंशांच्या वर जातो. अशा अवस्थेत इंजिन बंद केलं की ऑइलचा पुरवठा त्या क्षणी तुटतो, टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे सरकते आणि तिथं अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. असे थर वाढले की बेअरिंगला ऑइल पोचवणारी नळी अरुंद होत जाते. बंद केल्यावर बॉनेटखाली काही वेळ येणारा घूं-घूं आवाज पाण्याच्या पंपाचा असतो. तो उष्णता काढतो, ऑइल फिरवत नाही.

शहरात ऑफिसपासून घरापर्यंत आलात तर शेवटचे दोन-तीन चौक आपणच हळू काढलेले असतात. टर्बो तेवढ्यात निवतो, वेगळं थांबायची गरज नाही. खंडाळ्याचा घाट जोरात चढून लोणावळ्याला चिक्कीसाठी थांबायचं असेल, किंवा खंबाटकी चढून लगेच चहाची टपरी गाठायची असेल, तर शेवटचा एखादा किलोमीटर पाय हलका ठेवा आणि उभं राहिल्यावर मिनिटभर आयडल करा. ज्या मॉडेलमध्ये स्टार्ट-स्टॉप आहे तिथं घाट चढताना ते बटण बंद करून ठेवा. नाहीतर ट्रक अडकून रांग लागली की नेमकं सर्वात तापलेलं असताना इंजिन आपोआप बंद होतं.

कमी आरपीएमवर ओढू नका

छोट्या, थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांचा हा खास आजार आहे. आरपीएम कमी आणि भार जास्त असताना, ठिणगी पडायच्या आधीच सिलिंडरमधलं मिश्रण पेट घेतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोट होतो. एखाद्याच झटक्यात रिंगेखालची पिस्टनची कड तुटू शकते. यामागे रिंगांपाशी साठलेले ऑइल-पेट्रोलचे थेंब आणि कार्बनचे कण असतात, आणि ऑइलमध्ये कॅल्शियमयुक्त डिटर्जंट जास्त असेल तर धोका वाढतो. म्हणूनच एपीआय या ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेनं २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आणले.

चालवणाऱ्यासाठी नियम एकच: १,८०० च्या खाली जोरात पाय दाबायचा नाही. या इंजिनात तसंही १,८०० च्या खाली फारसं काही नाही, गाडी जागची हलायला कुरकुरते. सहाव्या गिअरमध्ये ६० च्या वेगावर असताना समोर एसटी दिसली आणि ओव्हरटेक करायचा असेल तर आधी दोन गिअर खाली या, मग दाबा. डिझेलवरून आलेल्यांना ही सवय लावून घ्यायला वेळ लागतो. डिझेलचा टॉर्क खालून मिळतो, आणि मायलेजसाठी वरचा गिअर लवकर टाकायची सवय हाडात मुरलेली असते. मॅन्युअलमध्ये याच कमजोरीमुळे बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये लोक क्लच अर्धवट धरून चालवतात. क्लच प्लेट लवकर संपल्याची तक्रार जिथं जिथं आहे तिथं मूळ बहुतेकदा इथं असतं. रोज दोन तास सिंहगड रोड किंवा घोडबंदर रोड नशिबी असेल तर ऑटोमॅटिक घ्या. या इंजिनाबरोबर मिळतो तो टॉर्क कन्व्हर्टर आहे, ट्रॅफिकमध्ये तापण्याचं भय नाही.

ऑइल

आधी पातळी. पुस्तिकेत स्कोडा स्वतः सांगते की चालवण्याच्या पद्धतीनुसार १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल जळू शकतं आणि पहिल्या ५,००० किलोमीटरमध्ये याहून थोडं जास्तही. प्रत्यक्षात चांगलं बसलेलं इंजिन इतकं खात नाही. पण हिशेब करा: चेंबरमध्ये साधारण चार लिटर ऑइल, आणि पुढची सर्व्हिस १५,००० वर. मधे कुणी डिपस्टिक काढून पाहिलीच नाही तर ‘मर्यादेत’ असलेला खपसुद्धा इंजिन कोरडं करू शकतो. शोरूममध्ये गाडी ताब्यात घेताना हे कुणी सांगत नाही.

तपासायची पद्धत: सपाट जागा, इंजिन तापलेलं, बंद करून पाच मिनिटं थांबायचं. डिपस्टिक काढून फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पातळी खुणांच्या मधल्या पट्ट्यात हवी. पहिल्या ५,००० किलोमीटरमध्ये दर हजाराला, नंतर महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी. भरायचं तर पाव लिटर भरा, थांबा, पुन्हा पाहा. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो, ऑइलचे थेंब श्वसननळीतून इनटेकमध्ये जातात आणि वर सांगितलेल्या आजाराला आमंत्रण मिळतं.

पातळी कमी होण्याइतकीच ती वाढणंही वाईट, आणि याकडे लक्ष कुणाचंच नसतं. ऑइल न भरता डिपस्टिकवर रेघ वर सरकली आणि वास पेट्रोलचा आला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. सतत छोट्या फेऱ्या, इंजिन कधीच पूर्ण तापत नाही, भिंतीवर फवारलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली जातं आणि उडून जायला लागणारी उष्णता त्याला मिळत नाही. ऑइल पातळ होतं, टर्बोच्या बेअरिंगवरचा थर कमकुवत होतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट चिकट थर दिसला तर त्यात पाण्याचा अंशही आहे. आठवड्यातून एकदा सलग अर्धा तास हायवेला चालवलं तर यातलं बरंच निघून जातं.

म्हणून आमची शिफारस: पहिला ऑइल आणि फिल्टर बदल ५,००० वर, स्वतःच्या खर्चानं. रनिंग-इनचा धातूचा चुरा याच ऑइलमध्ये असतो, आणि तो पंधरा हजारांपर्यंत टर्बोमधून फिरवत ठेवण्यात काही शहाणपण नाही. त्यानंतर शहरातल्या गाडीसाठी ७,५०० किंवा सहा महिने, जास्त हायवे असेल तर १०,००० किंवा एक वर्ष. ह्युंदाईच्या एक लिटर टर्बोला कंपनीचाच टप्पा १०,००० चा आहे, तेव्हा हा काही अतिरेक नाही. हजारपाचशे किलोमीटरवरच ऑइल काढून टाकायची घाई मात्र नको, त्यानं वेगळा फायदा होत नाही.

ऑइल घेताना डब्यावरच्या ‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांना अर्थ नाही. पाहायचा तो फोक्सवॅगनचा मंजुरी क्रमांक: ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ०० यांपैकी किंवा दुसरा जो तुमच्या वर्षाच्या पुस्तिकेत छापलाय, नेमका तोच. शेजाऱ्याच्या २०२१ च्या गाडीचा क्रमांक तुमच्या गाडीला लागू असेलच असं नाही. ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० पातळ ऑइल आहे आणि नवं असताना हिरवट दिसतं, त्यामुळे मेकॅनिकनं डबा उघडल्यावर दचकू नका. डब्यावर ‘मंजूर’ आणि ‘साठी योग्य’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग असतात. दुसरा म्हणजे उत्पादकाचा स्वतःचा दावा, फोक्सवॅगननं तपासलेलं नाही.

बदल करताना ड्रेन बोल्ट नवा हवा. त्याचा वॉशर बोल्टवरच अडकवलेला असतो आणि एकदा दबला की परत नीट बसत नाही. आवळायचा ३० एनएमला. बाहेरच्या गॅरेजात लांब पान्यानं ताकद लावली जाते, आटे जातात, आणि मग अख्खा चेंबर बदलावा लागतो. फिल्टरच्या रबराला बोटानं थोडं ऑइल लावून हातानं घट्ट करायचा, पान्यानं पिळायचा नाही. साडेतीन लिटर भरा, सुरू करून बंद करा, डिपस्टिक पाहून उरलेलं घाला. वॉरंटीत असताना हा जादा बदलही अधिकृत सर्व्हिस सेंटरला करून घ्या आणि बिलावर ऑइलचा क्रमांक लिहून घ्या. उद्या टर्बोचा क्लेम करायची वेळ आली तर तेच कागद कामाला येतात.

पेट्रोल

पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २०२३ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांचे भाग त्याला टिकतील असे आहेत. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत मायलेज सहा-सात टक्के कमी मिळणार, त्यात इंजिनाचा दोष नाही. जमेची बाजू म्हणजे इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि ते सिलिंडरमध्ये बाष्प होताना हवा थंड करतं, थेट फवारणीच्या टर्बोला हे मानवतं. महागडं ९५ किंवा १०० ऑक्टेन रोज भरायची गरज नाही. २०२० ते २०२२ च्या गाड्यांच्या मालकांनी मात्र इंधनाच्या नळ्या आणि सील दर सर्व्हिसला डोळ्यांनी तपासून घ्याव्यात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं, कोकणात पावसाळ्यात तर हमखास.

२०२१ मध्ये कुशाकच्या सुरुवातीच्या काही गाड्यांत इंधन पंप निकामी होऊन ईपीसीचा (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातल्या बिघाडाचा) दिवा लागत होता आणि गाडी बंद पडत होती. स्कोडानं नंतर सुधारित पंप बसवून दिले. त्या वर्षाची वापरलेली गाडी घेत असाल तर पंप बदलल्याची नोंद सर्व्हिस इतिहासात आहे का ते विचारा.

कूलंट, हवा, बेल्ट

कूलंट जांभळट-गुलाबी असतं. पातळी इंजिन थंड असतानाच पाहायची, दोन खुणांच्या मधे. इंजिन आणि इंटरकूलर दोन्हीची पाण्याची वाट एकाच टाकीशी जोडलेली आहे, त्यामुळे पातळी पडली की दोन्हीवर परिणाम. वरून बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी ओतायचं नाही. त्यातले क्षार इंटरकूलरच्या बारीक वाटांत साठतात. त्याच क्रमांकाचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. हे इंजिन ज्या ईए२११ कुळातलं आहे त्याची जुनी कमजोरी म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला असलेलं वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर. तिथून झिरपलेलं कूलंट वाळून गुलाबी-पांढरी खपली धरतं. टाकीत वारंवार भरावं लागत असेल तर आधी तिथं टॉर्च मारा.

एअर फिल्टर दर १०,००० ला काढून पाहा. धुळीच्या भागात, बांधकामं चालू असलेल्या रस्त्यांवर रोजचं येणं-जाणं असेल तर १५,००० ला बदला. कॉम्प्रेसरनं फुंकून परत लावायचा नाही, घड्यांना बारीक भोकं पडतात आणि तिथून आलेली धूळ टर्बोच्या पात्यांना पॉलिश पेपरसारखी घासते. फिल्टरच्या कडेचं रबर डब्यात नीट बसलंय ना, हे फिल्टरइतकंच महत्त्वाचं. स्पार्क प्लग वेळापत्रकाप्रमाणे बदला, पुढे ढकलू नका. टर्बोच्या दाबात झिजलेल्या प्लगला ठिणगी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि मग इग्निशन कॉइल जाते. बेल्टची तपासणी जॉब कार्डवर वेगळी लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ या शब्दांत ती कधीच होत नाही.

कुठल्या आवाजाला घाबरायचं

आयडलला टिक्-टिक् हा इंजेक्टर आणि उच्च दाबाच्या पंपाचा, नेहमीचा. तीन सिलिंडरमुळे आयडलला स्टिअरिंगमध्ये हलकी थरथर, तीही नेहमीची. बॅलन्स शाफ्ट नाही. वेग घेताना बारीक शीळ चालेल. तीच शीळ सायरनसारखी मोठी झाली आणि गाडीचा दम कमी झाला तर बहुधा बूस्टचा पाइप क्लिपमधून सुटलाय, स्वस्त दुरुस्ती. सिग्नलला उभं राहून निघताना मागून निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय, दिवस ढकलू नका, गॅरेजला दाखवा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, पाय काढा आणि हळूच जवळच्या गॅरेजला जा. ऑइलचा पिवळा दिवा पातळीचा, पुढच्या पंपावर पाहिलं तरी चालेल. लाल दिवा दाबाचा. तो लागला की कडेला घेऊन त्याच क्षणी इंजिन बंद, मग टर्बो निवण्याचा विचारही करायचा नाही.

काय घेऊ नये

सर्व्हिसला गेल्यावर दहा हजारांवरच ‘डीकार्बनायझेशन’, इंजिन फ्लश, ऑइलमध्ये टाकायची बाटली असं काहीतरी एस्टिमेटमध्ये येतं. थेट फवारणीच्या इंजिनात कार्बन साठतो हे खरं, पण तो इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला. पेट्रोल तिथं जातच नाही, तेव्हा टाकीत ओतलेलं क्लीनर तिथं पोचणार कसं? ते इंजेक्टरपुरतं काम करतं. व्हॉल्व्ह खरंच साफ करायचे तर मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा करावा लागतो, आणि तो विचार ऐंशी हजार-लाखानंतर, थंड इंजिन अडखळायला लागलं तरच. फ्लश तर टर्बोवाल्यांनी टाळावाच. सुटलेला गाळ ऑइलच्या बारीक नळीतच जाऊन बसतो.

रीमॅपचा, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याचा मोह पुण्यात जरा जास्तच आहे. सॉफ्टवेअर बदललेलं कंपनीच्या यंत्रणेला दिसलं की गाडीवर टीडी१ ही खूण लागते आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीचा विषय तिथं संपतो. मूळ फाइल परत टाकली तरी ती खूण पुसली जात नाही. करायचंच असेल तर वॉरंटी संपल्यावर, तेही १,८०० च्या खालचा टॉर्क वाढवणारा मॅप न निवडता.

पावसाळ्यासाठी एक विमा घ्यावाच, इंजिन प्रोटेक्टचा. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इनटेकमधून पाणी आत गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात कंपन्या हे नुकसान नाकारतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टो करून न्या आणि गॅरेजला सांगा की आधी स्पार्क प्लग काढून क्रँक हातानं फिरवून पाहा.